मोठा मासा, अडकलेला गळ आणि योग्य कटर: घेताना काय बघायचं, विकताना काय सांगायचं

"आमच्या भागात मासेमारी भरपूर आहे, तर मासेमारीच्या सामानाचं दुकान टाकू का?" हा प्रश्न आमगाव, अर्जुनी मोरगाव, सडक अर्जुनी, तिरोडा अशा सगळीकडून येतो. दुकान टाका, हरकत नाही. पण जाळं, दोरा, गळ हे तर सगळेच ठेवतात. आज मी अशा एका वस्तूबद्दल सांगतो, जी अगदी कमी दुकानांत नीट समजावून विकली जाते. ती म्हणजे गळ कापायचा कटर, इंग्रजी नावाने हुक कटर. आपल्याकडे गळाला गरी म्हणतात, तर गरी कापायचा कटर म्हणा.

वस्तू लहान आहे, पण तिच्यावर माणसाचं बोट अवलंबून असतं, कधी डोळासुद्धा. म्हणून "कोणताही द्या, कापला की झालं" असं इथे चालत नाही. घेणाऱ्यानेही समजून घ्यावं आणि विकणाऱ्याने तर जास्तच.

आधी आपला बाजार समजून घ्या

गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यापासून वेगळा झाला, पण तलावांची ओळख त्याच्या कितीतरी आधीची. कोहळी समाजाने बांधलेले जुने तलाव, मालगुजारी गेल्यानंतर 'माजी मालगुजारी तलाव' म्हणून सरकारी कागदावर आलेले तलाव, शेतातल्या बोड्या, नवेगावबांधचा मोठा तलाव, गोठणगावजवळचं इटियाडोह धरण, बोदलकसा, चुलबंद आणि वैनगंगेचं पात्र. एवढं पाणी आहे म्हटल्यावर मासाही मोठा होतो. कतला मोठ्या जलाशयात दहा किलोच्या पुढे जाऊ शकतो. रोहू, मृगळ, गवत्या मासा तर आहेतच.

यातला बराच मासा जाळ्यात येतो, हे खरं. पण गळाचा वापरही कमी नाही. कोणी रात्रभर गळ लावून ठेवतं, कोणी लांब दोरीला ओळीने गळ बांधतं, आणि आता तरुण पोरं रॉड-रील घेऊन तलावावर दिसतात. त्यांच्या नकली आमिषाला तर तीन-तीन टोकांचे गळ असतात, तेही दोन ठिकाणी. म्हणजे एका आमिषावर सहा टोकं! एक टोक माशाच्या तोंडात आणि दुसरं तुमच्या तळहातात, मधे उड्या मारणारा आठ किलोचा मासा. हा प्रसंग डोळ्यांसमोर आणा, म्हणजे कटर का लागतो ते वेगळं सांगावं लागणार नाही.

तुमचे गिऱ्हाईक कोण, तेही लिहून ठेवा. मच्छीमार सहकारी संस्थांचे सभासद, म्हणजे प्रामुख्याने आपले ढिवर बांधव. मत्स्यशेती करणारे शेतकरी. हौशी गळवाले. आणि बाजारात मासा कापून विकणारे भाऊ-ताई. या चौघांची गरज सारखी नाही. पुढे त्यावर येतो.

साधा साइड कटर का चालत नाही?

वायरमनकडचा सहा इंची साइड कटर बघितलाय ना? तो तांब्याच्या आणि अ‍ॅल्युमिनियमच्या तारेसाठी असतो. तांबं मऊ. गळ मात्र जास्त कार्बन असलेल्या पोलादाचा असतो. तार वाकवून, टोक काढून, मग भट्टीत तापवून आणि थंड करून त्याला कठीण केलेलं असतं. तसं केलं नाही तर मोठा मासा गळ सरळ करून निघून जाईल.

आता कापण्याचा नियम सोपा आहे: कापणारी धार ही कापल्या जाणाऱ्या वस्तूपेक्षा कठीण हवी. नाहीतर गळ तसाच राहतो आणि कटरच्या धारेला खाच पडते. दुसरी गोष्ट जोराची. जाड गळ कापायला लागणारा दाब एका मुठीत नसतो. म्हणून दुहेरी सांध्याचा लहान बोल्ट कटर लागतो. त्यात मुठीचा जोर सांध्यातून कितीतरी पट वाढून पात्यापर्यंत पोचतो. लोखंडी सळी कापायच्या मोठ्या बोल्ट कटरचंच हे लहान भावंड समजा. लांबी साधारण आठ इंच, म्हणजे २०० मिलीमीटर.

मग मोठा बारा-चौदा इंची बोल्ट कटरच का घेऊ नये? कारण तो चालवायला दोन्ही हात लागतात. आणि गळ अडकला असेल तर तुमचा एक हात आधीच कामातून गेलेला आहे! शिवाय त्याची जाड पाती बोट आणि गळ यांच्या मधल्या फटीत शिरतच नाहीत.

पाकिटावरचे आकडे कसे वाचायचे?

हा भाग नीट वाचा, कारण गिऱ्हाईक इथेच फसतं आणि दुकानदारही.

चांगल्या कटरच्या पाकिटावर किंवा माहितीपत्रकात एकच आकडा नसतो. तीन-चार असतात: मऊ तार, मध्यम कठीण तार, कठीण तार आणि पियानो तार. पियानो तार ही सगळ्यात कठीण. उदाहरण घेऊ. क्निपेक्स या जर्मन कंपनीचा कोबोल्ट नावाचा २०० मिलीमीटरचा कटर आहे. तो मऊ तार ६ मिलीमीटरपर्यंत कापतो, मध्यम कठीण ५.२, कठीण ४ आणि पियानो तार ३.६ मिलीमीटरपर्यंत. कटर एकच, पण ६ पासून ३.६ पर्यंत फरक!

दुकानात "सहा मिलीमीटर कापतो" एवढंच सांगितलं जातं. पण तो आकडा मऊ तारेचा. गळासाठी आपल्याला शेवटचे दोन आकडे बघायचे आहेत. पाकिटावर एकच आकडा असेल आणि तार कोणती ते लिहिलेलं नसेल, तर तो मऊ तारेचाच धरून चाला. आणि फक्त तांब्याच्या तारेचा उल्लेख असेल तर तो कटर गळासाठी नाही, विषय संपला.

आता स्वतःचा गळ मोजा. गळाचा नंबर म्हणजे आकार, जाडी नव्हे. एकाच नंबरचा गळ एका कंपनीचा बारीक असतो, दुसरीचा जाड. म्हणून व्हर्नियर कॅलिपरने गळाच्या दांड्याची जाडी मोजा. समजा २.५ मिलीमीटर आली. तर कटरची कठीण तारेची क्षमता निदान ३.५ असावी. काठावरचा कटर घेऊ नका. ओल्या हाताने, दुखऱ्या हाताने, घाईत कापताना थोडा जोर शिल्लक लागतोच.

हातात घेऊन बघायच्या सात गोष्टी

१. एका हाताने उघडतो का? आत स्प्रिंग असावी, मूठ सैल केली की पाती आपोआप उघडावीत. उजव्या हाताने काम करणाऱ्याने डाव्या हाताने चालवून बघावं. गळ कामाच्या हातातही शिरू शकतो.

२. पात्यांचं टोक निमुळतं आहे का? बोट आणि गळ यांच्यातल्या जागेत ते शिरलं पाहिजे.

३. मूठ ओल्या हातातून सटकते का? माशाचा चिकटा हाताला लागलेला असतो. गुळगुळीत प्लास्टिकपेक्षा खरखरीत रबरी मूठ बरी.

४. पात्यात लहान खाच आहे का? गोल तार त्या खाचेत बसते, पुढे सरकत नाही. खाच नसली तरी चालेल, पण मग गळ पात्याच्या आतल्या बाजूला, सांध्याजवळ धरायचा. टोकाने कापायचा प्रयत्न केला तर जोर जास्त लागतो आणि धारही जाते.

५. बंद ठेवायची कडी आहे का? खिशात किंवा डोंग्यात उघडा कटर पडलेला असणं हा दुसरा अपघात.

६. रंग भडक आहे का? लाल किंवा पिवळी मूठ संध्याकाळीही दिसते. काळी मूठ डोंग्याच्या तळातल्या पाण्यात सापडत नाही. नसेल तर लाल टेप गुंडाळा.

७. दोरी बांधायला जागा आहे का? पाण्यात पडलेला कटर हा कुणाच्याच कामाचा नाही. मुठीला दोरी आणि दोरी डोंग्याला.

या सगळ्यापेक्षा मोठी परीक्षा एकच: आपला सगळ्यात जाड गळ सोबत न्या आणि दुकानातच कापून बघा. कापल्यावर पाती उजेडात धरा. धारेला खाच दिसली तर तो कटर परत ठेवा. तुम्ही दुकानदार असाल तर काउंटरवर दोन-चार जुने गळ ठेवा आणि गिऱ्हाइकासमोर स्वतः कापून दाखवा. पाच रुपयांच्या गळात जी खात्री पटते ती मोठ्या फ्लेक्स बोर्डाने पटत नाही. फक्त कापताना डोळ्यांवर चष्मा आणि गळावर फडकं. का, ते पुढे.

कापायची पद्धत

कापलेला कठीण तुकडा गोळीसारखा उडतो. त्यामुळे कटरसोबत साधा सुरक्षा चष्मा हवाच. चष्मा नसेल तर कापण्याच्या जागेवर ओलं फडकं टाका, तोंड बाजूला करा, मग दाबा.

गळ माशाच्या तोंडात खोल असेल तर हात आत घालू नका. पढीन, ज्याला काही भागांत शिवडा म्हणतात, त्याचा जबडा मोठा आणि आत बारीक धारदार दातांच्या रांगा. तिथे लांब नाकाची पक्कड आणि कटर, हेच आपले हात. शिंगी आणि मांगूर आकाराने लहान, पण त्यांच्या कल्ल्यामागच्या काट्याने जखम होते. शिंगीचा काटा तर विषारी. आधी मासा ओल्या पोत्याने दाबून शांत करायचा, मग गळाकडे वळायचं.

गळ माणसाला लागला तर क्रम पक्का लक्षात ठेवा. पहिलं, मासा आणि माणूस वेगळे करा. मासा दाबून धरा, दोरा कापा. आमिषाला अनेक टोकं असतील तर हातात शिरलेलं टोक बाकीच्या आमिषापासून कापून वेगळं करा, म्हणजे हिसका बसणार नाही. दुसरं, गळ उलटा ओढू नका. टोकामागचा उलटा काटा मांस फाडत येतो. डॉक्टर बहुतेक वेळा जागा बधिर करून टोक पुढे बाहेर काढतात, उलटा काटा कापतात आणि उरलेला दांडा मागे सरकवून काढतात. ते काम त्यांच्यावर सोडा, पण आपला कटर सोबत घेऊन जा. जाड गळ कापणारं हत्यार प्रत्येक दवाखान्यात हाताशी असेलच असं नाही.

डोळा, डोळ्याची पापणी, मान, सांधा किंवा खोल शिरलेला गळ असेल तर कटर चालवायचा नाही, गळाला हातही लावायचा नाही. डोळ्यावर दाब न पडेल असं झाकण, उदाहरणार्थ कागदी कप, ठेवायचं आणि थेट गोंदियाच्या शासकीय रुग्णालयात किंवा जवळच्या मोठ्या रुग्णालयात जायचं. जखम लहान दिसली तरी धनुर्वाताचं इंजेक्शन विचारून घ्यायचं. तलावाच्या पाण्यातली जखम पिकते. लाली वाढली, ताप आला तर वाट बघू नका.

मासा विकणाऱ्यांसाठी वेगळी गोष्ट: तुकडे मोजा

ही गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. गळ कापला की त्याचे दोन तुकडे होतात. एक तुमच्या हातात येतो. दुसरा कुठे आहे? तो माशाच्या घशात राहिला आणि मासा तसाच बाजारात गेला, तर तो आधी मासा कापणाऱ्या ताईच्या बोटाला लागेल. तिथून सुटला तर एखाद्या लहान मुलाच्या ताटात जाईल. एका तुकड्याने वर्षानुवर्षं जोडलेलं गिऱ्हाईक तुटतं, आणि ते बोलतं पण सगळ्या गावाला.

म्हणून नियम करा: गळ कापला की तुकडे जोडून बघायचे, पूर्ण गळ तयार होतो का? नाही झाला तर तो मासा वेगळा ठेवायचा, डोकं आणि घसा उघडून तुकडा सापडेपर्यंत विकायचा नाही. तुकडे टाकायला डोंग्यात झाकणाचा डबा ठेवा. तलावाच्या काठावर टाकलेला तुकडा उद्या कुणाच्या तरी पायात जाणारच आहे, माणसाच्या नाहीतर बैलाच्या.

कासव गळाला लागलं तर? आपल्याकडच्या कासवांना वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चं संरक्षण आहे. ठेवायचं नाही, विकायचं नाही. टोक बाहेर दिसत असेल तर कटरने उलटा काटा कापून गळ काढा. खोल गिळलेला असेल तर ओढू नका, वनविभागाला कळवा.

आता धंद्याचं गणित

चला, वही काढा. पुढचे भाव हिशोब समजावा म्हणून धरले आहेत. तुमच्या घाऊक व्यापाऱ्याचा भाव घेऊन हाच हिशोब पुन्हा करा.

समजा कटर तुम्हाला ४५० रुपयांत पडला आणि तुम्ही ६०० ला विकला. नफा १५० रुपये. खरेदीवर तो ३३ टक्के होतो, पण विक्रीवर २५ टक्के. दुकानाचं भाडं, वीज, पोराचा पगार हे सगळं विक्रीतून जातं, म्हणून हिशोब विक्रीवरच्या टक्क्याने करा.

पहिल्या खेपेला दहा कटर घेतले, तर ४,५०० रुपये अडकले. महिन्याला दोन गेले तर पूर्ण पैसा सुटायला पाच महिने. त्यामुळे माल भरण्याआधी ऑर्डर शोधा. जवळच्या तीन-चार मच्छीमार संस्थांची यादी करा, अध्यक्ष-सचिवांना भेटा. "प्रत्येक सभासदाला एक" असं विकायला जाऊ नका, ते परवडणारं नाही. "प्रत्येक डोंग्याला एक" असं सांगा. बारा डोंगे म्हणजे बारा कटर, आणि खर्च दोघा-तिघांत वाटला जातो.

एकटा कटर विकण्यापेक्षा संच करा: कटर, चष्मा, लांब नाकाची पक्कड, दोरी, पट्टी आणि तुकड्यांचा डबा. गिऱ्हाइकाला पूर्ण सोय मिळते आणि तुमची एका बिलाची रक्कम वाढते.

भारी विदेशी कटर सगळ्यांना परवडत नाही, हे मान्य. आपल्या नाशिकची टापारिया आणि इतर भारतीय कंपन्यांचे बोल्ट कटर आणि पकडी जिल्ह्यात मिळतात. नावावर जाऊ नका, स्वस्तावरही जाऊ नका. कठीण तारेचा आकडा बघा आणि गळ कापून बघा. जो पास झाला तोच शेल्फवर ठेवा. नापास झालेला कटर कमी भावात विकणं म्हणजे गिऱ्हाइकाला खोटा धीर विकणं.

बिलाचंही बघा. पकडी आणि बोल्ट कटर एचएसएन ८२०३ मध्ये येतात, तर गळ आणि गळाचं सामान ९५०७ मध्ये. दर बदलत असतात, म्हणून बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये टाकण्याआधी आपल्या सीएला विचारा. सगळ्या मालाला एकच कोड लावू नका.

विकताना सोबत एक माहिती फुकट द्या. २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत मच्छीमारांसाठी गट अपघात विमा आहे: मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आल्यास ५ लाख, कायमचं अंशतः अपंगत्व आल्यास अडीच लाख आणि अपघातात रुग्णालयाचा खर्च २५ हजारांपर्यंत. आपलं नाव त्यात आहे का, हे सभासदाने संस्थेत किंवा जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचारून घ्यावं. हे सांगायला तुम्हाला दोन मिनिटं लागतील, पण ते गिऱ्हाईक तुमचं दुकान विसरणार नाही.

देखभाल सांगा, तक्रार टाळा

चांगल्या कटरचं पोलाद कठीण असतं, पण म्हणून ते गंजत नाही असं नाही. वापरल्यावर स्वच्छ पाण्याने धुवा, कोरडा पुसा, सांध्यात मशीनच्या तेलाचा एक थेंब. पंधरा दिवसांतून एकदा उघड-बंद करून बघा. खिळे, साखळी, मोटरसायकलची केबल कापायला हा कटर वापरायचा नाही, तो जीव वाचवायच्या सामानात धरायचा. या चार ओळी मराठीत छापून प्रत्येक कटरसोबत चिठ्ठी द्या.

या आठवड्याचा गृहपाठ

एक, आपल्या भागात वापरले जाणारे पाच प्रकारचे गळ आणा आणि जाडी मोजून वहीत लिहा. दोन, शहरातल्या तीन दुकानांतल्या कटरचे कठीण तारेचे आकडे आणि भाव टिपा. तीन, एका मच्छीमार संस्थेत जाऊन विचारा: "गळ हातात शिरला तर आत्ता तुम्ही काय करता?" उत्तर मधे न बोलता ऐका. बहुतेक ठिकाणी ब्लेड किंवा साधी पक्कड असं ऐकायला मिळेल. तिथे तुमचा धंदाही आहे आणि कुणाचं तरी बोट वाचवायची संधीही.

भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत वही भरत राहा!